ओब्रादचे कंगोरे

स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारे नव्हती, एवढ्या एका कारणावरून मागच्या वर्षी म्हातारे वितोमीर संत निकोलाची तसबीर कोटाच्या आत घालून परत आपल्या घरी घेऊन गेले होते.

घर बाकी पुरे झाले होते. डोंगराच्या उतारावर ओब्रादने ते हळूहळू उभे केले होते. रास्पबेरीचा हंगाम संपला, शीतगृहातले काम थांबले, की एक भिंत, पुढच्या हिवाळ्यात दुसरी. वडील थकलेले. घराण्याच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, त्यांनी आता थोरल्याच्या हाती सोपवावी हे सगळ्यांनाच मान्य होते. त्याप्रमाणे गोतावळा जमला, मेणबत्ती लागली, आणि तेवढ्यात वितोमीरांची नजर कपाटांवर गेली. ओब्रादच्या बायकोने, स्तामेनाने, दारांच्या जागी फुलाफुलांचे पडदे लावले होते. म्हाताऱ्याने पडद्यावर फुंकर घातली. पडदा हलला, ताटे दिसली.

"जिथं ताटांना दार नाही, तिथं संताला कुठं टांगू?" ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण त्यांची बहीण पेर्सिदा शेजारीच बसली होती. पेर्सिदाआत्या जन्मात कधी भावाच्या बाजूने बोलली नव्हती, पण कुणाला नाव ठेवायचे असेल तर ती दगडालाही साथ देई. ती उठून म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी? दारं लागल्याशिवाय नाही." झाले. त्या दिवसापासून ते वाक्य वितोमीरांचे राहिले नाही, ते साऱ्या कुळाचे झाले. इवान्यित्साच्या बाजारात कुणी भेटले तरी ओब्रादला आधी दारांचे विचारी आणि मग तब्येतीचे.

म्हणून यंदा ओब्रादने दारे मनावर घेतली. वडिलांच्या अंगणातला जुना अक्रोड वादळात पडला होता. त्याच्या फळ्या सुकवून झाल्या होत्या. लाकूडगिरणीवाल्याने त्यातून मापाप्रमाणे सपाट दारे करून दिली, पाठीमागच्या अंगाला बिजागऱ्यांची गोल भोकेही पाडून दिली, आणि सहज विचारले की काठाला कंगोरा पाडून देऊ का. ओब्रादने असे काही त्याच्याकडे पाहिले, जणू त्याने 'तुमच्या मुलीचं नाव मी ठेवू का' असे विचारले होते. कंगोरा तो स्वतः पाडणार होता. वडिलांनी दारावरून हात फिरवावा, बोटे काठाशी येऊन क्षणभर थांबावीत, आणि त्यांनी 'हं' म्हणावे. या एका 'हं'साठी तो वर्षभर जगला होता.

कंगोरा पाडायचे यंत्र, राउटर, त्याने गाव्रिलोकडून आणले. गाव्रिलो त्याचा कूम. लग्नात मेणबत्ती धरून शेजारी उभा राहिलेला, त्यामुळे सख्ख्या भावापेक्षा जवळचा आणि भावापेक्षा जास्त शिव्या देण्याचा हक्क असलेला. त्याने यंत्र दाखवले: दोन मुठी, मध्ये गरगर फिरणारे पाते, पात्याच्या टोकाला एक इवलेसे चाक. हे चाक फळीच्या काठावरून घरंगळत जाते आणि त्याच्या वरचे पाते काठाला नक्षी कापत जाते. चाकाला टेकायला लाकूड हवे, बाकी सगळे आपोआप. आणखीही काही तो सांगत होता, पण 'आपोआप' हा शब्द कानी पडल्यावर ओब्रादने पुढचे ऐकले नाही.

घरी येऊन त्याने चीडच्या एका तुकड्यावर हात चालवून पाहिला. यंत्र गरजले, भुसा उडाला, आणि ओबडधोबड काठाच्या जागी एक वळण उमटले; आधी हलकी पायरी, मग खाली उतरणारी गोलाई. ओब्राद तो तुकडा हातात घेऊन बर्फातून धावत स्वयंपाकघरात आला.

"बोट फिरव," तो म्हणाला.

स्तामेनाने पिठाचे बोट फिरवले. छान झाले आहे, असे ती म्हणाली, आणि ते खरेही होते. तिथेच तिची चूक झाली. कारण मग ओब्रादला थांबवणे कुणाच्या हाती उरले नाही. दुपारपर्यंत पाव कापायच्या फळीला कंगोरा आला. कणीक मळायच्या पाटाला आला. तिपाईला आला, कुत्र्याच्या घराच्या चौकटीला आला. कुत्रा बिचारा बराच वेळ बाहेरच उभा होता, आपण चुकीच्या घरी आलो की काय अशा चेहऱ्याने. संध्याकाळी स्तामेना तळघरात कोबीच्या पिंपातून पाने काढायला गेली, तर वरचे लाकडी झाकण दगडासकट खाली खाऱ्या पाण्यात बुडालेले. झाकणाचा काठ मोठा देखणा झाला होता, फक्त पिंपाच्या कडेवर टेकण्याइतका उरला नव्हता.

"कोबीला कुणासाठी नटवलंस रे?" तिने बाही वर करून झाकण बाहेर काढत विचारले.

"हात बसायला हवा ना," ओब्राद म्हणाला. "अक्रोडावर चूक चालायची नाही."

अक्रोडावर चूक पहिल्याच दाराला झाली. आधी त्याने उभे दोन काठ केले, लांबचे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. लोण्यातून सुरी जावी तसे यंत्र गेले. मग आडवा काठ घेतला. तो संपता संपता कोपऱ्यावर 'टक्' असा आवाज झाला आणि करंगळीच्या नखाएवढी ढलपी उडून भुशात पडली. ओब्रादने ती शोधली, फुंकली, कोपऱ्यावर बसवून पाहिली, आणि गाव्रिलोला फोन लावला.

"आधी आडवे काठ घ्यायचे, मग उभे," गाव्रिलो शांतपणे म्हणाला. "आडव्यात कोपरा तुटतोच. मग उभ्याच्या फेऱ्यात तो तुटका भाग कापला जातो. मी सांगत होतो तेव्हा तू पात्याकडं बघून हसत होतास."

उपाय एकच होता. दाराची ती कड थोडी कापून टाकायची आणि कंगोरा नव्याने पाडायचा. त्याने तसे केले. पण आता ते दार शेजारच्या दारापेक्षा अरुंद झाले, म्हणून शेजारचेही तेवढेच कापावे लागले. शेजारचे कापले म्हणून त्याच्या जोडीचे कापले. असे करत करत खालच्या आणि वरच्या कपाटांची सगळी दारे सारखी झाली, कंगोरे एकाहून एक सुबक उतरले, आणि लावून पाहिली तर प्रत्येक जोडीच्या मध्ये अशी फट की आतल्या कपांनी बाहेरच्या माणसांना ओळखावे.

ओब्राद खचला नाही. उलट त्याला स्फुरण चढले. अक्रोडाची एक रुंद फळी शिल्लक होती, अडीअडचणीसाठी ठेवलेली. तिच्या त्याने पट्ट्या काढल्या, पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी कंगोरा पाडला आणि प्रत्येक फटीवर एकेक बसवली. मागे सरून पाहिले. मुळातच असे ठरवले होते म्हणून सांगितले असते तरी कुणी खोटे म्हटले नसते. स्तामेना कणकेचे हात एप्रनला पुसत कितीतरी वेळ बघत राहिली. "देव पावला," ती म्हणाली. घरात पडद्यांऐवजी दारे पाहायची तिला इतकी वर्षे सवयच नव्हती.

आता उरले होते फक्त मधल्या उंच कपाटाचे दार. ते एकटेच, माणसाएवढे, दारातून आत आले की समोर दिसणारे. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते, हात पुरता बसल्यावर करायला. स्लावेच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. स्तामेनाने कोलाच, म्हणजे प्रसादाचा तो मोठा गोल पाव, भट्टीत सरकवला होता आणि त्याचा वास पडवीपर्यंत येत होता. उपवासाचा महिना, तरी त्या वासाने ओब्रादला मेजवानीच सुरू झाल्यासारखे वाटत होते. त्याने दार मेजावर आडवे टाकले, यंत्र सुरू केले, आधी आडवे काठ, मग उभे, एका दमात, गुणगुणत. शेवटचा कोपरा वळला, तोही शाबूत. असा कंगोरा त्याने आजवर पाडला नव्हता. त्याने भुसा झटकला, आणि भुशाखालून बिजागऱ्यांची गोल भोके त्याच्याकडे बघू लागली.

त्याने दाराच्या पाठीला कंगोरा पाडला होता.

शहाण्या माणसाने इथे थांबावे. पाठचा कंगोरा आतल्या बाजूला राहिला असता, पुढून दार साधे दिसले असते, एवढेच. पण बाकी सगळी दारे नटलेली आणि घरातले सर्वांत मोठे दार मधोमध उघडेबोडके, ही कल्पनाच ओब्रादला सोसवेना. शिवाय अंगात जोर होता. त्याने दार उलटले आणि पुढच्या अंगालाही तोच कंगोरा पाडायला घेतला. आडवे काठ कसेबसे झाले. उभ्या काठावर, साधारण खांद्याच्या उंचीला येईल अशा जागी, चाक खाली टेकायला गेले आणि त्याला टेकायला लाकूडच सापडले नाही. ते लाकूड पाठच्या कंगोऱ्यात केव्हाच गेले होते. चाक आत घुसले, त्याच्यामागून पाते घुसले, यंत्राने एक हिसका दिला, आणि दाराच्या काठाचा एक मोठा घास घेऊनच ते बाहेर आले.

ओब्रादने यंत्र बंद केले. मग त्याने स्तामेनाला हाक मारली. ती आली, तिने पाहिले, आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"वाईट दिसतं का?" त्याने विचारले.

"अस्वलानं चावल्यासारखं दिसतं," ती म्हणाली.

फळी उरली नव्हती. तिच्या पट्ट्या झाल्या होत्या. भुसा आणि सरस भरून बघितला, तर चाव्याच्या जागी चाव्यावरची खपली दिसू लागली. तो खरवडून काढावा लागला. गाव्रिलो धावत आला, दार बघून त्याने टोपी काढली, आणि भरतकामाचा टॉवेल वरून सोडावा असे सुचवले. स्तामेना म्हणाली की मामंजी घरात पाऊल टाकल्याबरोबर आधी टॉवेलच उचलतील. दार लावूच नये, तर कपाट उघडे. आणि उघड्या कपाटाचा निकाल मागच्याच वर्षी लागलेला. शेवटी दार तसेच लावले. मुठी बसवायलाही वेळ उरला नव्हता. सगळी दारे काठाला बोटे लावून उघडायची, असे ठरले.

रात्री झोपताना स्तामेनाने संताला एवढेच मागितले, की उद्या बाबांची नजर मऊ ठेव आणि आत्याबाईंची दुसरीकडे ठेव.

स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि पेर्सिदाआत्यामुळे यंदा साऱ्या गावाला आठवण होती. दहाच्या सुमाराला अंगणात बूट झटकल्याचे आवाज येऊ लागले. वितोमीर सगळ्यांच्या पुढे होते. काळा कोट, आणि कोटाच्या आत तसबिरीचा चौकोनी फुगवटा. ओब्राद राकियाची बाटली घेऊन पुढे निघालाच होता, पण वडील उंबऱ्यात दिसले मात्र, त्याचे पाय आपसूक मागे सरले आणि पाठ जाऊन उंच कपाटाला टेकली. चावा बरोबर त्याच्या डाव्या खांद्यामागे झाकला गेला. तिथूनच त्याने गाल पुढे केला. रीतीप्रमाणे तीनदा मुके झाले, उजवा, डावा, पुन्हा उजवा, आणि तो पुन्हा कपाटाला चिकटला.

पाहुणे एकेक चमचा गोड गहू तोंडात टाकून बसू लागले. वितोमीर मेजाच्या टोकाला, नेमके समोर. गाव्रिलोने मनातले ओळखून बाटली फिरवायला घेतली. स्तामेनाने मासा आणला, भाजलेला घेवडा आणला. लोक ओब्रादला बसायचा आग्रह करू लागले. तो मान हलवून नको म्हणत होता, आणि कारण काय सांगावे हे त्याला सुचत नव्हते. ते पेर्सिदाआत्यालाच सुचले.

"बसा काय म्हणता त्याला," ती म्हणाली. "यजमानानं या दिवशी बसायचं नसतं. आमच्या बापानं उभ्यानं दिवस काढला, संताची सेवा म्हणून. आता कोण पाळतं? हा पाळतोय."

खोलीत आदराची कुजबूज पसरली. ओब्रादला घाम फुटला. गेली कित्येक वर्षे असा मान त्याला कुणी दिला नव्हता, आणि तो अशा वेळी मिळत होता की नमस्कार करायलाही पुढे वाकता येत नव्हते.

तोंडी आलेली गोष्ट आत्याने लगेच पुढे नेली. ती भावाकडे वळली आणि सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणाली की पोरगा उभा आहे आणि बाप मात्र माशाचे काटे काढतोय. आपल्या बापाने बघितले असते तर काय म्हटले असते. वितोमीरांनी काटा खाली ठेवला. दोन्ही हात मेजावर टेकून, गुडघ्यांचे कटकट आवाज करत ते उठले, आणि मुलाच्या शेजारी, कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

ऐंशी ओलांडलेला माणूस उभा म्हटल्यावर साठीच्यांना बसवेना. ते उठले. ते उठले म्हणून तरुण उठले. बाहेरून नवे पाहुणे आले, त्यांनी सगळे घर उभे पाहिले आणि प्रार्थना चालू आहे असे समजून टोप्या काढून भिंतीलगत उभे राहिले. शेजारणीने खिडकीतून बघून आपल्या नवऱ्याला पाठवले, नवऱ्याने चुलतभावाला. माणसे हातात ताटल्या धरून उभ्यानेच मासा खात होती, खालच्या आवाजात बोलत होती, आणि एकमेकांना सांगत होती की अशी स्लावा लहानपणी पाहिली होती. खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या.

मग ताटल्या कमी पडल्या. त्या उंच कपाटात होत्या. स्तामेना मागच्या दाराने शेजारी धावली, पण पेर्सिदाआत्याला उगीच उभे राहणे जमत नव्हते. तिने आधी खालचे एक कपाट उघडायला घेतले. काठावरून बोटे घसरली, नख दुखावले.

"दारं केलीस, पण धरायचं कशाला?" ती करवादली. मग उंच कपाटाकडे आली. "सरका दोघंही. ताटं इथं असतील."

"आत्या, आज तुम्ही पाहुण्या," ओब्राद कसाबसा म्हणाला.

"यजमानाला जागेवरून हलवायचं नसतं," वितोमीर म्हणाले. "तूच तर सांगितलंस." आणि म्हाताऱ्याने आपला कोट दोन्ही हातांनी जरा फाकवला, जसा काही त्यांना उकडत होते. तेवढ्यात स्तामेना शेजारच्या ताटल्या घेऊन आली आणि आत्या परत गेली. वडिलांना कोट नेमका आताच कसा फाकवावासा वाटला, हे ओब्रादला कळले नाही. विचार करायला सवडही नव्हती, कारण दारात पाद्रीबाबा उभे होते.

भरलेल्या खोलीत एकही माणूस बसलेला नाही, हे पाहून पाद्रीबाबांचे डोळे भरून आले. त्यांनी मेणबत्तीकडे पाहिले, कोलाचकडे पाहिले, गव्हाला आशीर्वाद दिला, आणि हात पुढे केला. आता कोलाच वळवायचा होता. तो पाव सर्वांनी मिळून हातांवर धरून गोल फिरवायचा, पाद्रीबाबांच्या समोर घराण्याचा यजमान उभा. यजमानाशिवाय तो वळत नाही. आणि मेज खोलीच्या मध्यावर होते, कपाटापासून चांगले चार पावलांवर.

"यजमान पुढं या," पाद्रीबाबा म्हणाले.

कोणता यजमान, हे त्यांनी सांगितले नाही. तसबीर अजून वितोमीरांच्या कोटात होती. सगळ्यांचे डोळे बापलेकांवर. वडील पुढे गेले तर स्लावा त्यांचीच राहिली. तो पुढे गेला, तर दार उघडे पडले. त्याने खाली मान घातली. तेव्हा शेजारून, ओठ न हलवता, वडील बोलले.

"जा. वळव."

"आणि तुम्ही?"

"मी दार धरतो."

ओब्रादने चमकून पाहिले. म्हातारा समोर मेणबत्तीकडे बघत होता.

"तुम्हाला दिसलं?"

"तीनदा गाल पुढं केलास. तीनदा दिसलं."

"मग तसबीर परत नेणार?"

"नेऊन टांगू कुठं?" वितोमीर कुजबुजले. "तुझ्या आईनं भिंतीचा खिळाच उपटून टाकलाय. म्हणाली, अजून एक वर्ष साऱ्या गावाचा मासा मला तळायला लावलात तर तुम्हालाच त्या जागी टांगीन. मी आलो तेच इथं टाकून जायचं ठरवून. पण गेल्या वर्षी तोंडातून शब्द गेलाय, आणि तो तुझ्या आत्यानं जपून ठेवलाय. तिला दिसता कामा नये. जा आता."

मग ते मोठ्याने बोलले. आपले हात आता थकले आहेत, यापुढे कोलाच ओब्राद वळवील, आपण इथूनच, मागे उभे राहून बघणार. एवढेच ते म्हणाले, आणि मुलाच्या जागेवर, चाव्यावर, सरकले. कुणीतरी हुंदका दिला. पेर्सिदाआत्यानेच दिला; भाऊ आपणहून मागे राहिलेला तिने आयुष्यात प्रथमच पाहिला होता. तसबीर भिंतीवर लावायला म्हाताऱ्याला जागा सोडणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ती कोटातून काढली, ओठांना लावली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली. त्याने तिचे चुंबन घेऊन ती पुढे दिली. अशी हातोहात, सर्वांच्या ओठांना लागत, ती पूर्वेच्या भिंतीपर्यंत गेली, आणि स्तामेनाने ती टांगली. असा विधी कुठल्या पोथीत नाही; पण पाद्रीबाबांनी त्यानंतर दुसऱ्या घरांत जाऊन लोकांना तो जुन्या काळचा म्हणून सांगितला.

कोलाच वळला. तीनदा फिरवला, खालून फुलीसारखा कापला, लाल वाइन शिंपडली, मोडला. मोठा भाग ओब्रादच्या हातात आला. त्याने वर पाहिले: भिंतीवर संत निकोला, खाली त्याची बायको, आजूबाजूला सारे कूळ, आणि तो घराण्याचा यजमान. छातीत कसलेसे मोठे काहीतरी फुलले. यजमानाचा पहिला शब्द बोलावा असे त्याला वाटले, आणि त्याने तो दोन्ही हात पसरून बोलून टाकला.

"माणसं हो, खूप उभे राहिलात. आता सगळ्यांनी बसा. बाबा, तुम्ही आधी. माझ्या घरात माझा हुकूम."

यजमानाचा हुकूम मोडत नाहीत. शिवाय सकाळपासून सगळ्यांच्याच पायांचे तुकडे पडले होते. खोलीभर खुर्च्या सरकल्या. वितोमीरांनी मुलाकडे एकवार पाहिले, त्या पाहण्यात सगळे होते, आणि मग ते मेजापाशी येऊन बसले आणि त्यांनी गुडघे चोळायला घेतले. ओब्रादचे पसरलेले हात हवेतच राहिले.

यजमान सोडला तर खोलीत उभे असे एकच माणूस उरले होते. पेर्सिदाआत्या कपाटासमोर उभी होती. तिने मान तिरकी केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

स्तामेनाने डोळे मिटले.

"यजमानाला विचार," वितोमीर काटा उचलत म्हणाले. "घर त्याचं आहे."

ओब्रादने पसरलेले हात खाली घेतले. आत्याने हात वर केला. तिची चार बोटे चाव्यात गेली, पुरती, मुळापर्यंत. तिने जरासे ओढले. ते जड, माणसाएवढे दार कुरकुर न करता, लोण्यासारखे उघडले. तिने ते लावले. पुन्हा उघडले. आतून एक ताटली काढली आणि दार पायाने ढकलून बंद केले.

"शेवटी डोकं चालवलंस," ती म्हणाली. "बोटं कशी अगदी बरोबर बसतात. हेच बाकीच्यांना का नाही केलंस? सकाळी माझं नख गेलं."

"वेळ..." ओब्राद म्हणाला. "वेळ पुरला नाही, आत्या."

"माझी दारं तर उघडतच नाहीत पावसाच्या दिवसांत. येतोस का करून द्यायला? अशीच हवीत. सगळी."

ओब्रादच्या चेहऱ्यावर आधी रक्त परत आले. मग डोळ्यांत ती चमक आली, जी स्तामेना चांगली ओळखत होती, आणि तिने त्याची बाही ओढायच्या आतच तो बोलून गेला.

"उद्याच येतो. तुमच्या दारांना कंगोरा आहे का?"

नाही, असे आत्या म्हणाली, आणि ताटलीत मासा वाढून घेऊ लागली. वितोमीरांनी नव्या भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले आणि सावकाश क्रूस केला. मुलासाठी आता मागण्यासारखे काही उरले नव्हते; हा बहिणीच्या कपाटांसाठी होता.